डोलकाठीची उंची

समुद्राशी माझा संबंध भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचपुरता. तोसुद्धा असा, की लाँच धक्का सोडते न सोडते तोच मी खिशातले लिंबू हुंगायला काढतो आणि रेवस आले की शेजारचे उतारू मला दंडाला धरून खाली उतरवतात. त्यातून पेशाने मी मराठीचा मास्तर. आरमार पाहिले ते बखरींत आणि तुफान पाहिले ते परीक्षेच्या निकालानंतर स्टाफरूममध्ये. अशा माणसाने गेले आठ महिने दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांचा अभ्यास करण्यात घालवले, असे मी म्हटले तर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या सहकाऱ्यांचाही बसला नाही. ''ह्या वयात माणूस योगासनांकडे वळतो, नाहीतर शेअरबाजाराकडे. तुम्ही पाण्याखाली कुठे निघालात?'' असे आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला चारचौघांत विचारले.

ह्याला कारण आमचे भाचेराव.

भाचेराव इंजिनियरिंगच्या शिक्षणासाठी आमच्याकडे मुंबईला राहतात. मुलगा सालस. कांदा-बटाटा सांगितला तर कांदा-बटाटाच आणतो, विजेचे बिल वेळेवर भरतो. दोष एकच. रात्री जेवणे झाली की संगणकापुढे बसतो आणि मग घरात भूकंप झाला तरी त्याला कळत नाही. एके रात्री मी जरा दरडावूनच विचारले, ''काय चाललेय रे?''

''मॉड करतोय, मामा.''

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, ''मोड? अरे, मटकीला कालच आणलेत मी. तू कशाला त्रास घेतोस?''

त्या रात्री भाचेरावांनी आम्हा दोघांना समोर बसवून मॉड म्हणजे काय ते समजावून दिले. संगणकावर पाणबुडीचा एक खेळ असतो. 'सायलेंट हंटर' हे त्या मालिकेचे नाव, आणि भाचेरावांकडे होता तो तिचा २००७ सालचा चौथा भाग. खेळणाऱ्याने अमेरिकन पाणबुडीचा कप्तान व्हायचे आणि पॅसिफिक महासागरात जपानी जहाजे शोधत हिंडायचे. कंपनीने खेळ करून विकला आणि ती आपल्या पुढच्या उद्योगाला लागली. पण जगभरचे हौशी लोक अजून त्याला चिकटून आहेत. ह्याने त्यात एक नवे जहाज घालावे, त्याने एखादे बंदर दुरुस्त करावे, तिसऱ्याने इंजिनाचा आवाज बदलावा. मूळ खेळात असा जो बदल करायचा, त्याला म्हणायचे मॉड.

''म्हणजे प्रक्षेप!'' मी म्हणालो.

माझा चेहरा खुलला असावा. आम्हा मराठीच्या मास्तरांचे निम्मे आयुष्य प्रक्षिप्त ओव्या ओळखण्यात जाते. ज्ञानेश्वरीत लोकांनी पदरच्या ओव्या इतक्या घातल्या, की शके १५०६ मध्ये एकनाथांना बसून तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. आणि इथे माझा सख्खा भाचा रात्री जागून हौसेने प्रक्षेप करीत होता! मी त्याला तसे बोलूनही दाखवले. पण तो शांतपणे म्हणाला, ''उलट आहे, मामा. मूळ खेळातच चुका आहेत. आम्ही तो खऱ्याच्या जवळ नेतोय. ज्याला इतिहासाचा आधार नाही, असा मॉड कोणी घेतच नाही.''

हे वाक्य मला बोचले. आधाराशिवाय लिहिलेले प्रबंध आम्ही घेतो, त्यांना पदव्याही देतो.

भाचेरावांचा बेत मोठा होता. हिंदी महासागर, साल १९४२ आणि १९४३, आणि कप्तानाच्या हाती जपानी पाणबुडी. त्यांना हवी होती माहिती आणि मला पुस्तके चाळायची खोड. दर शनिवारी मी एशियाटिकच्या दगडी पायऱ्या चढू लागलो. पहिल्या शनिवारी त्यांनी माझ्या हातात जी यादी दिली, ती पाहून मी चकित झालो. कोणत्या लढाईत कोण जिंकले, असला एकही प्रश्न तीत नव्हता. जहाजाची लांबी किती, रुंदी किती, पाण्याखाली बुडालेला भाग किती, धुराडी किती आणि डोलकाठीची उंची किती, एवढेच.

''डोलकाठी कशाला रे? ही तर आगबोट. हिला शिडे कुठली?''

मग मला कळले ते असे. पाणबुडी पाण्याखाली असते. वर निघालेली असते ती फक्त परिदर्शकाची नळी. तिच्यातून समोरचे जहाज दिसते, पण ते किती दूर आहे हे कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय पाणतीर सोडण्यात अर्थ नाही. ह्यावर उपाय असा, की जहाजाची डोलकाठी पाण्यापासून किती उंच आहे ते आधी ठाऊक हवे. मग ती किती अंशांच्या कोनात दिसते ते मोजले, की अंतर निघते. ३० मीटरची डोलकाठी १ अंशाच्या कोनात दिसली, तर जहाज सुमारे १७०० मीटरवर. आता तीच डोलकाठी ओळख-पुस्तकात चुकून २७ मीटर लिहिली, तर तुमचा हिशेब एकदम १७० मीटरांनी चुकतो. जहाजाच्या लांबीचेही तसेच. १४० मीटर लांबीचे जहाज परिदर्शकातली उभी रेघ ओलांडायला २० सेकंद घेत असेल, तर त्याचा वेग सेकंदाला ७ मीटर. युद्धात खरेखुरे कप्तान हेच हिशेब करीत. म्हणून त्यांच्याजवळ जहाजांच्या चित्रांची पुस्तके असत. खेळातही तसेच पुस्तक असते. पान उलटायचे, जहाज ओळखायचे, डोलकाठीचा आकडा घ्यायचा.

खरे सांगतो, मला ह्या कामाची गोडी लागली. डोलकाठीची उंची सहसा कुठल्या नोंदवहीत मिळत नाही. मग जहाजाचा बाजूने काढलेला फोटो शोधायचा, फोटोतली लांबी पट्टीने मोजायची, डोलकाठी मोजायची आणि शाळेतले त्रैराशिक मांडायचे. एक जहाज तर एका पुस्तकात दोन धुराड्यांचे निघाले आणि दुसऱ्यात एका. मी पाठभेदांची जुळणी करावी तशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवली आणि रविवारची सकाळ त्यात घालवली. दाढी राहिली, भाजी आणायची राहिली. सौ. म्हणाली, ''एकाला आवरायला म्हणून तुम्हांला पाठवले, तर आता दोघे झालात.''

भाचेरावांच्या मॉडचा मुकुटमणी ठरलेला होता. आय-२९ नावाची जपानी पाणबुडी. जवळजवळ १०९ मीटर लांब. पोटात एक छोटे विमान घडी घालून ठेवण्याची सोय असलेल्या जातीची. पण तिची खरी मातब्बरी वेगळी. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० ह्या जर्मन पाणबुडीत बसले. बरोबर होते आबिद हसन. आफ्रिकेला वळसा घालून ती पाणबुडी मादागास्करच्या बाजूच्या समुद्रात आली. तिथे तिची वाट पाहत होती आय-२९. समुद्र खवळलेला. २८ एप्रिल १९४३ रोजी दोघेजण रबरी तराफ्यावरून, लाटांनी चिंब भिजत, एका पाणबुडीतून दुसऱ्या पाणबुडीत गेले. आय-२९ ने त्यांना मे महिन्यात सुमात्राच्या टोकाशी असलेल्या सबांगला पोचवले. पुढचा आझाद हिंद सेनेचा इतिहास तुम्हांआम्हांला पाठ आहे.

तारखा जुळवताना आमची गंमत झाली. एका नोंदीत एक वेळ, तर दुसरीत दुसरी. शेवटी उलगडा झाला तो असा, की जर्मन पाणबुडी जगात कुठेही असली तरी तिची घड्याळे जर्मनीची वेळ दाखवीत आणि जपानी पाणबुडीची टोकियोची. समोरासमोर उभ्या असलेल्या त्या दोन पाणबुड्यांमध्ये पाण्याची पट्टी थोडीशी होती, पण घड्याळात अंतर सात तासांचे. हा उलगडा झाला त्या रात्री भाचेरावांनी मला मिठी मारली. मीही लहानपणी वक्तृत्वस्पर्धेत नेताजींवर बोलून स्टीलचा पेला मिळवलेला माणूस. माझाही ऊर भरून आला. सौ.ला हाक मारून आम्ही चहा करायला लावला.

आता उरले होते ते आय-२९ चे मागचे पुढचे. पाणबुडी मॉडमध्ये घालायची तर तिचा पहिल्यापासूनचा प्रवास हवा. कोणत्या दिवशी कुठे होती, काय केले. मी तारखा लावीत मागे मागे गेलो. एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. आणि नोव्हेंबर १९४२ ला येऊन थांबलो.

'तिलावा' हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे जहाज. बांधणी १९२४ सालची. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ते मुंबईहून निघाले. जायचे होते मोंबासा, लोरेन्सो मार्किस आणि डर्बन ह्या आफ्रिकेच्या बंदरांना. उतारू ७३२. अधिकारी आणि खलाशी मिळून २२२. तोफांवरचे गोलंदाज ४. एकूण ९५८ माणसे. उतारूंत आफ्रिकेत दुकान, नोकरी, सगेसोयरे असलेली आपली हिंदी माणसे फार, बायकामुलेही. २३ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर, जहाजाला पाणतीर लागला. जहाज लगेच बुडाले नाही. होड्या पाण्यात सोडल्या गेल्या. मग दुसरा पाणतीर आला. बिनतारी यंत्रावरचा अधिकारी शेवटपर्यंत मदतीचे संदेश धाडत राहिला आणि जहाजाबरोबरच खाली गेला. बर्मिंगहॅम ही ब्रिटिश युद्धनौका धावून आली. वाचलेल्यांना घेऊन ती २७ तारखेला मुंबईला परतली. ६७८ वाचले. २८० गेले.

पाणतीर सोडणारी पाणबुडी आय-२९. कप्तानही तोच, इझू. नेताजींना पाच महिन्यांनी सुखरूप नेणारा.

भाचेरावांनी ते टिपण दोनदा वाचले. काही बोलले नाहीत. उठून पाणी प्यायले. परत येऊन बसले आणि पाच मिनिटांनी म्हणाले, ''मामा, असं करू. मॉड जानेवारी १९४३ पासून सुरू करू. म्हणजे हा भाग त्यात येणारच नाही.''

वाचकहो, मी लगेच 'नाही' म्हणालो असे सांगायला मला आवडले असते. पण मी म्हणालो नाही. मी म्हणालो, ''बघू.'' आणि अंथरुणावर जाऊन पडलो. जानेवारीपासून सुरू केले तर खोटे असे काहीच सांगितले जाणार नव्हते. सगळ्या तारखा खऱ्या, सगळी मापे खरी, घड्याळांतला फरकसुद्धा खरा. फक्त सुरुवात दोन महिने पुढे ढकलायची. मला माझा स्टीलचा पेला आठवला. ते भाषण मला अजून तोंडपाठ आहे, पण नेताजींना घेऊन गेलेल्या पाणबुडीचे नाव त्यात नव्हते. आणि ती त्याआधी कुठे होती, हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

सकाळी चहाच्या वेळी मी म्हणालो, ''हे बघ, प्रक्षेप घालणारा एक चोर आणि नको ती ओवी गाळणारा दुसरा. पहिला निदान सापडतो तरी.''

''पण मामा, लोक म्हणतील नेताजींना कमीपणा आणला.''

''नेताजी तेव्हा जर्मनीत होते. त्यांचा ह्यात काय दोष? आणि त्या कप्तानाला परिदर्शकातून दिसले ते शत्रूच्या कंपनीचे, तोफ बसवलेले मोठे जहाज. युद्धाचा हिशेब तसा असतो. त्याचा न्याय करायला आपल्याला कोणी बसवलेले नाही. ती पाणबुडी तरी कुठे सुटली? २६ जुलै १९४४ ला अमेरिकन पाणबुडीच्या पाणतीरांनी तीही आपल्या माणसांसकट बुडाली. पण जे झाले ते ओळीने लिहायचे. इतकेच.''

भाचेरावांनी मान हलवली, आणि 'तिलावा'ची फाईल उघडली.

तेव्हा दुसरी अडचण लक्षात आली. खेळात प्रत्येक जहाजाची एक फाईल असते आणि तीत रकाने. लांबी, रुंदी, डोलकाठी, वेग, वजन. जहाज बुडवले की कप्तानाच्या खात्यावर टन जमा होतात; ज्याचे टन जास्त तो शूर. 'तिलावा'चे टन १०,००६. मला आजवर वाटे, टन म्हणजे वजन. पण जहाजाच्या नोंदवहीतला हा टन वजनाचा नसून जागेचा असतो. १०० घनफूट जागा म्हणजे १ टन. म्हणजे १०,००६ हा आकडा काय सांगतो? जहाजाच्या पोटात माणसांना आणि मालाला जागा किती. आणि उतारूंसाठी मात्र त्या फाईलीत रकाना नव्हता. डोलकाठीला होता.

त्या शनिवारी मी एशियाटिकला गेलो नाही. मशीद बंदरच्या खलाशीगृहात गेलो. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या खलाशांचे तिथे स्मारक आहे आणि दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी नावांचे पुस्तक आहे. हिंदी व्यापारी जहाजांवरच्या जवळजवळ ६ हजार माणसांची नावे त्यात आहेत. त्यांना थडगे नाही, चिता नाही. म्हणून हे पुस्तक. ह्याच पुस्तकाची दुसरी प्रत चितगावला असते. मी गेलो होतो मराठीच्या मास्तराच्या डोळ्यांनी, आणि पाहिले ते हुद्दे. सारंग, टिंडेल, भंडारी, कसाब, टोपास. टिंडेल म्हणजे आपला तांडेल. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. हे शब्द मी कोकणात मामाच्या गावी ऐकलेले. तिथे घराघरांतून कोणी ना कोणी 'बोटीवर' असे. 'बोटीवर असतो' एवढे म्हटले की विचारणाऱ्याचे समाधान होई. कोणत्या बोटीवर, कुठल्या समुद्रात, हे विचारायची रीत नव्हती. बाहेर आलो तेव्हा मालट्रकांची गर्दी होती आणि मसाल्याचा वास सुटला होता. मी बसने घरी आलो. घरी कोणाला काही सांगितले नाही.

काम पुढे चालू झाले. भाचेरावांना त्या रात्रीचे चांदणे हवे होते. अंधार होता की उजेड, हे ठरल्याशिवाय परिदर्शकातून काय दिसेल ते ठरत नाही. ते चंद्राच्या कलांचे गणित करणार होते. मी म्हटले, ''थांब.'' आमच्या शेजारच्या भटजींच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेली जुनी पंचांगे आहेत. शके १८६४ चे पंचांग त्यांनी काढून दिले. कार्तिक महिना उघडला. २२ नोव्हेंबर, रविवार. पौर्णिमा.

त्रिपुरी पौर्णिमा! त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. म्हणजे ही माणसे दिवाळी घरी करून निघाली होती. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत बोट सुटली आणि त्रिपुराच्या वाती लावायच्या रात्री, पुऱ्या चांदण्यात, ती बुडाली. सौ. पोळ्या लाटत होती. तिला मी सांगितले. ती म्हणाली, ''फराळाचे डबे असतील हो बरोबर.'' आणि लाटणे तसेच धरून उभी राहिली. आठ महिने आम्ही दोघांनी जमवलेल्या माहितीत हे आमच्या कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

शेवटी राहिला बिनतारी संदेश. खेळात ठरावीक तारखेला ठरावीक संदेश पाणबुडीला ऐकू येतील अशी सोय करता येते. ते काम भाचेरावांनी माझ्याकडे सोपवले. ''तुम्ही भाषेचे माणूस, तुम्हीच लिहा.'' त्या काळी पाणबुडीचा हल्ला झाला, की व्यापारी जहाज चार वेळा 'एस' धाडी. मी बसून लिहिले: एस एस एस एस. तिलावा. पाणतीर लागला. जहाजावर ९५८ माणसे.

भाचेरावांनी वाचले आणि मान हलवली. ''मामा, माणसांचा आकडा नाही चालणार. असल्या संदेशात जहाजाचं नाव आणि ठिकाण सांगतात. हा प्रक्षेप होईल.''

शिष्यादिच्छेत् पराजयम् म्हणतात, पण भाच्याकडून तो इतक्या लवकर यावा अशी माझी इच्छा नव्हती. मी मुकाट्याने आकडा खोडला. मग आम्ही दोघे विचार करीत बसलो. जो आकडा खरा आहे, तो खऱ्या खेळात घालायला जागा नाही!

वाट भाचेरावांनीच काढली. ओळख-पुस्तकाच्या पानावर जहाजाचे नाव छापलेले असते. नावाचा रकाना म्हणजे साधा मजकूर. त्यात काय लिहावे ह्यावर बंधन नाही. त्यांनी लिहिले: तिलावा. उतारू ७३२, अधिकारी व खलाशी २२२, गोलंदाज ४. त्याच्याखाली लांबी. त्याच्याखाली डोलकाठीची उंची. म्हणजे ज्या कप्तानाला पाणतीर सोडायचा असेल, त्याला उंची हवी. आणि उंची हवी तर हे पान उघडायला हवे. आणि पान उघडले की डोळ्यांपुढे आधी माणसे येणार.

मधल्या काळात मी 'तिलावा'विषयी आणखी थोडे वाचले. तिच्यावर सुमारे ६० टन चांदी होती, २,३६४ विटा. अडीच किलोमीटर खोल पाण्यातून २०१७ साली त्या वर काढल्या. मग त्या कोणाच्या, ह्यावर खटला झाला आणि तो थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. चांदीची एकेक वीट मोजलेली आहे. माणसांची आठवण मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये लोकांनी जमून केली ती २०२२ साली, ऐंशी वर्षांनी. वाचलेल्यांतली तेव्हाची चिमुरडी पोरे आता आजी-आजोबा आहेत. ह्याबद्दल मी भाचेरावांना फार काही बोललो नाही. ते त्या दिवसांत चंद्राच्या उजेडाशी झटत होते.

मॉड तयार झाला तो गेल्या महिन्यात. पहिला प्रयोग घरीच. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो, समुद्र नुसता पडद्यावर असला तरी लिंबू जवळ ठेवले. सौ.ही दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर पौर्णिमेचे पाणी चकाकत होते. परिदर्शक वर आला. दूर एक ठिपका, मग धुराडे, मग डोलकाठ्या. भाचेरावांनी पुस्तक उघडले. माणसांची ओळ आली, तिच्याखाली उंची आली. त्यांनी कोन मोजला, अंतर काढले, घड्याळ लावून वेग काढला. यंत्राने सगळे आकडे जुळल्याचे सांगितले. पाणतीराची कळ त्यांच्या बोटाखाली होती.

त्यांनी परिदर्शक खाली घेतला.

''का रे?'' मी विचारले.

''काही नाही, मामा. उंची बरोबर आली की नाही, एवढंच बघायचं होतं.''

''मग आली का?''

''आली.''

पडद्यावर आता नुसते काळे पाणी होते आणि इंजिनाची घरघर ऐकू येत होती. ती हळूहळू दूर गेली. दिशादर्शकावर पाहिले तर 'तिलावा' नैऋत्येला, मोंबासाच्या वाटेवर चालली होती. भाचेरावांनी संगणक बंद केला नाही. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत आम्ही तिघेही तिथेच होतो. मग सौ. म्हणाली, ''चला, पाने घेतलीत,'' आणि आम्ही जेवायला उठलो.